मरुभूमी आणि प्रवाळभित्ती : परिस्थितिविज्ञानातील अभ्याससहलींचा पूर्वेतिहास

जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अभ्याससहलीला स्थान आहे. परंतु त्या स्थानाचे प्रयोजन काय, याविषयी एकवाक्यता आढळत नाही. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचा गट बाटल्या, फॉर्मॅलिन आणि वह्या घेऊन समुद्रकिनारी किंवा रानात जातो, ठरलेल्या यादीतील नमुने गोळा करतो आणि परतल्यावर त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून तो संग्रह परीक्षकापुढे ठेवतो. या प्रघाताचे मूळ एकोणिसाव्या शतकातील वस्तुसंग्रहालयांच्या परंपरेत आहे. त्या परंपरेत निसर्ग हे नमुन्यांचे कोठार होते, आणि नमुना हाती आला की तो जेथून आला त्या जागेचे काम संपत असे.

याच्या बरोबरीने आणखी एक परंपरा विसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आली. या परंपरेत महत्त्व नमुन्याला नसून जागेला आहे. जागेवर खूण करावयाची, तेथे काय आणि किती आहे ते मोजावयाचे, आणि काही वर्षांनी त्याच खुणेपाशी परत यावयाचे, असा तिचा क्रम. या परंपरेची जडणघडण ज्या ठिकाणी स्पष्टपणे पाहावयास मिळते ती दोन ठिकाणे म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मरुभूमी आणि उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती. परस्परांहून अत्यंत भिन्न असे हे दोन प्रदेश एकाच संस्थेच्या आश्रयाने, जवळजवळ एकाच वेळी, अभ्यासाचे विषय झाले, ही घटना परिस्थितिविज्ञानाच्या इतिहासात वाटते त्याहून अधिक महत्त्वाची आहे.

१

निसर्गाच्या सान्निध्यात अध्यापन करण्याची कल्पना त्यापूर्वीची आहे. लुई आगासीझ यांनी १८७३ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज बेटावर शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी वर्ग भरविला. सुमारे पन्नास विद्यार्थी त्यात होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. पुस्तके बाजूस ठेवून निसर्गाचेच अध्ययन करावे, हा आगासीझ यांचा आग्रह सुविख्यात आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले आणि तो उपक्रम फार काळ टिकला नाही. पण समुद्रतीरावरील उन्हाळी वर्गांची प्रथा अमेरिकेत त्यातून रुजली. तथापि आगासीझ यांची दृष्टी शरीररचनेची होती. मासा किंवा तारामासा पाण्याबाहेर काढून मेजावर ठेवावा आणि त्याचे बारकाईने निरीक्षण करावे, हे त्यांचे शिक्षण होते. तो प्राणी कोठे, कोणाच्या शेजारी आणि किती संख्येने राहत होता, हा प्रश्न त्यात गौण होता.

तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शिकागो विद्यापीठातील हेन्री कौल्स यांच्याकडे जाते. मिशिगन सरोवराच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पतींचा अभ्यास त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. पाण्याच्या कडेपासून आतल्या जंगलापर्यंत चालत गेल्यास एकाच भूमीच्या बदलत्या अवस्था क्रमाने दिसतात, म्हणजे काही मैलांच्या वाटचालीत शेकडो वर्षांचा काळ वाचता येतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. कौल्स विद्यार्थ्यांना या टेकड्यांवर आणि उन्हाळ्यात दूरवरच्या प्रदेशांतही घेऊन जात. त्यांच्या अध्यापनात सहल ही व्याख्यानाची पुरवणी नव्हती; व्याख्यान सहलीच्या वाटेवरच होत असे.

परंतु कौल्स यांच्या पद्धतीत एक गृहीत दडलेले होते. शेजारी-शेजारी दिसणाऱ्या अवस्था या एकामागून एक आलेल्याच आहेत, असे तीत मानलेले होते. हे गृहीत सरोवराकाठच्या वाळूत पुष्कळसे खरे ठरले. ते सर्वत्र खरे आहे काय, याचा निर्णय केवळ चालत जाऊन पाहण्याने लागणे शक्य नव्हते. त्यासाठी एकाच जागी थांबून वाट पाहणे अवश्य होते.

२

अँड्र्यू कार्नेगी यांच्या एक कोटी डॉलरच्या देणगीतून १९०२ साली वॉशिंग्टन येथे कार्नेगी संस्था स्थापन झाली. पुढील दोन वर्षांत या संस्थेने जी संशोधनकेंद्रे उभी केली त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. पहिले केंद्र अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहराच्या पश्चिमेस तुमामोक टेकडीवर १९०३ मध्ये सुरू झालेली मरुभूमी प्रयोगशाळा होय. तिची कल्पना फ्रेडरिक कोव्हिल यांची. जागा कोव्हिल आणि डॅनिअल मॅकडूगल यांनी टेक्सस, सोनोरा व अ‍ॅरिझोना या प्रदेशांत हिंडून निवडली. दुसरे केंद्र म्हणजे फ्लॉरिडाच्या टोकापलीकडील ड्राय टॉर्तुगास बेटांपैकी लॉगरहेड बेटावर १९०४ मध्ये उभारलेली सागरी प्रयोगशाळा. तिचे संचालक आल्फ्रेड गोल्ड्सबरो मेयर हे १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते.

दोन्ही केंद्रे शाळा नव्हती. तेथे पदवी मिळत नसे आणि वर्गही भरत नसत. पण प्रत्यक्ष स्थळी राहून काम करणाऱ्या संशोधकांना तेथे प्रथमच निवारा, उपकरणे आणि मुख्य म्हणजे सातत्य मिळाले. बर्टन लिव्हिंग्स्टन यांनी १९०४ मध्ये टूसॉन येथे मरुवनस्पती, जमिनीतील ओल व बाष्पीभवन यांच्या परस्परसंबंधावर काम केले, आणि सच्छिद्र मातीच्या पेल्याने हवेची शोषणशक्ती मोजण्याची त्यांची रीत पुढे अनेक विद्यापीठांच्या क्षेत्रवर्गांत पोहोचली. एफी स्पॉल्डिंग यांनी सग्वारो या महाकाय निवडुंगाच्या खोडावरील कंगोरे पावसानंतर कसे फुगतात आणि अवर्षणात कसे मिटतात याची मोजमापे घेतली. टॉर्तुगास येथे टॉमस वेलंड व्हॉन यांनी प्रवाळांच्या जिवंत वसाहती पाण्याखाली पक्क्या आधारावर बसवून त्यांच्या वार्षिक वाढीची नोंद ठेवली. एकोणिसाव्या शतकात प्रवाळभित्तीविषयी जो वाद झाला तो प्रामुख्याने तिच्या उत्पत्तीचा आणि आकाराचा, म्हणजे भूविज्ञानाचा होता. आता तिच्यावर राहणाऱ्या जीवांची मोजदाद सुरू झाली.

या दोन केंद्रांतून निघालेले निष्कर्ष शेजारी ठेवले असता एक विलक्षण गोष्ट दिसते. मरुभूमीतील वनस्पतीला उष्णतेचे भय असणार आणि प्रवाळाला थंडीचे, अशी सर्वसामान्य समजूत. फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की, सग्वारोच्या उत्तरेकडील व उंचीवरील प्रसाराची सीमा थंडी ठरवते. तापमान किती खाली गेले यापेक्षा ते सलग किती तास गोठणबिंदूखाली राहिले हे निर्णायक असते. उलट मेयर यांनी १९१४ च्या सुमारास प्रयोगांती असे मांडले की, उष्ण कटिबंधातील सागरी प्राणी आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगत असतात. उन्हाळ्यातील नेहमीचे पाणी आणि प्राणघातक पाणी यांत काही थोड्या अंशांचेच अंतर असते. प्रवाळांचे विरंजन हा जागतिक चिंतेचा विषय होण्याच्या कितीतरी आधी हे विधान झालेले आहे. दोन्ही निष्कर्ष स्थळी राहून, ऋतू पाहून काढलेले आहेत. दुरून नमुने मागवून ते काढता आले नसते.

३

परंतु या केंद्रांचा अधिक टिकाऊ वारसा म्हणजे खुणा केलेल्या जागा. मिशिगन विद्यापीठातून निवृत्त होऊन टूसॉन येथे आलेले व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी १९०६ मध्ये तुमामोक टेकडीच्या परिसरात दहा मीटर बाजूचे काही चौरस आखले आणि त्यांतील प्रत्येक बहुवर्षायू वनस्पतीची जागा कागदावर उतरविली. त्याच सुमारास टेकडीभोवती कुंपण घालून गुरांना बंदी करण्यात आली. श्रीव्ह यांनी ते चौरस पुन्हा मोजले आणि तीस वर्षांतील बदलांचा वृत्तान्त १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरची मोजणी जमेस धरून १९०६ ते १९७८ अशा बहात्तर वर्षांचे परीक्षण १९८६ साली प्रसिद्ध झाले.

या चौरसांनी कौल्स यांच्या गृहीताला मर्यादा घातली. मरुभूमीत एक झुडूप मेले तर त्याच्या जागी बहुधा त्याच जातीचे दुसरे येते. झाडोऱ्याची एक पिढी पुढच्या वेगळ्या पिढीसाठी भूमी तयार करीत नाही, असे श्रीव्ह यांचे प्रतिपादन होते. सर्व वनस्पतिसमूह ठराविक टप्प्यांनी एका अंतिम अवस्थेकडे जातात, हा सिद्धान्त मांडणारे फ्रेडरिक क्लेमेंट्स हेही १९१७ पासून कार्नेगी संस्थेचेच संशोधक होते आणि काही वर्षे त्यांचा मुक्काम टूसॉन येथेच असे. दोन विरुद्ध मते एकाच टेकडीवर नांदत होती. त्यांचा निकाल वादपटुत्वाने लागला नाही. बहात्तर वर्षांच्या नोंदींत झाडांची ये-जा पुष्कळ दिसली, पण एका निश्चित दिशेने जाणारा बदल दिसला नाही. श्रीव्ह यांचे म्हणणे असे हळूहळू सिद्ध झाले.

प्रवाळभित्तीवर हेच काम मेयर यांनी केले. १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टॉरिस सामुद्रधुनीतील मरे बेटावर त्यांनी किनाऱ्यापासून भित्तीच्या कडेपर्यंत सरळ रेषा आखली आणि तीवर ठराविक अंतराने चौरस घेऊन त्यांतील प्रवाळांची जातवार मोजणी केली. १९१७ मध्ये सामोआतील पागो पागो बंदरात औआ या गावाजवळ त्यांनी तशीच रेषा घातली. छप्पन्न वर्षांनी, १९७३ मध्ये, ती रेषा शोधून पुन्हा मोजण्यात आली, तेव्हा प्रवाळांची संख्या बरीच घटलेली आढळली. मधल्या काळात ते बंदर सांडपाण्याने आणि तेलाने दूषित झाले होते. त्यानंतरही ही रेषा वेळोवेळी मोजली गेली आहे. एखाद्या भित्तीची हानी झाली असे म्हणणे सोपे असते. हानी किती झाली हे सांगण्यासाठी आधीचा आकडा लागतो, आणि तो आकडा मेयर यांनी ठेवला होता.

टॉर्तुगासची प्रयोगशाळा १९३९ मध्ये बंद झाली. तुमामोकची प्रयोगशाळा १९४० मध्ये कार्नेगी संस्थेने अमेरिकेच्या वनखात्याच्या स्वाधीन केली, आणि १९६० मध्ये ती अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडे आली. संशोधनसंस्थेची टेकडी अशा रीतीने विद्यार्थ्यांची झाली.

४

मरुभूमी आणि समुद्रतळ यांना एकाच सहलीत आणण्याचे काम मात्र निराळ्याच मार्गाने झाले. शिकागो विद्यापीठात वॉर्डर क्लाइड अ‍ॅली यांच्या वर्गात बसलेले एड रिकेट्स हे पदवी न घेताच १९२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आले आणि शाळा-महाविद्यालयांना सागरी प्राण्यांचे नमुने पुरविण्याचा व्यवसाय करू लागले. जॅक कॅल्व्हिन यांच्यासह त्यांनी लिहिलेले आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेले भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील प्राण्यांवरील पुस्तक वर्गीकरणाच्या क्रमाने रचलेले नाही. उघड्या किनाऱ्यावरील खडक, आडोशाचा किनारा, वाळू, बंदरातील खांब अशा वसतिस्थानांच्या क्रमाने ते रचलेले आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आधी स्थळ दिसते आणि मग प्राणी, हे त्या रचनेमागील साधे तत्त्व होय.

११ मार्च १९४० रोजी रिकेट्स आणि कादंबरीकार जॉन स्टाइनबेक हे माँटेरे बंदरातून एका मासेमारी नौकेने निघाले आणि कॅलिफोर्नियाच्या आखातात सुमारे सहा आठवडे हिंडून २० एप्रिल रोजी परतले. या आखाताच्या दोन्ही बाजूंना सोनोरन मरुभूमी पाण्यापर्यंत आलेली आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाजवळ काबो पुल्मो येथे प्रवाळभित्ती आहे. मोहिमेत पाचशेहून अधिक जातींचे प्राणी गोळा करण्यात आले. म्हणजे बाह्यतः ही संग्रहाचीच मोहीम होती. पण प्रत्येक ठिकाणाची तारीख, ओहोटीची अवस्था, तळाचे स्वरूप आणि कोणता प्राणी विपुल व कोणता विरळ, याच्या नोंदी रिकेट्स यांनी कटाक्षाने ठेवल्या. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित जीवशास्त्रज्ञांनी तोच प्रवास पुन्हा केला, तेव्हा मोठ्या आकाराचे तारामासे, शंख इत्यादी प्राणी पूर्वीइतके राहिले नसल्याचे त्यांना आढळले. तुलना शक्य झाली ती बाटल्यांतील प्राण्यांमुळे नव्हे, वहीतील नोंदींमुळे.

या आखाताचे शिरोभागी असलेले पुएर्तो पेन्यास्को हे मेक्सिकन बंदर टूसॉनपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. अ‍ॅरिझोनातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या सग्वारोच्या रानातून आणि पिनाकातेच्या ज्वालामुखी मैदानातून या बंदरावर गेल्या आहेत. भरती-ओहोटीतील अंतर तेथे सात मीटरपर्यंत जाते आणि पाणी ओसरले की खडकाळ भित्तीचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. १९८० मध्ये तेथे मरुभूमी आणि महासागर या दोहोंच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन झाले आणि दोन्ही विषय त्याच्या नावातच गोवलेले आहेत.

या जोडीचे शैक्षणिक मर्म केवळ सान्निध्यात नाही. ओहोटीच्या वेळी खडकावर उरलेला शिंपला आणि दुपारच्या उन्हातील निवडुंग यांच्यापुढील संकट एकच असते : पाणी जपावयाचे आणि ताप सोसावयाचा. एक कवच मिटून घेतो, दुसरा दिवसा त्वग्रंध्रे मिटून रात्री उघडतो. डोंगरउतारावर काही शे मीटरांत जे पट्टे पडतात तेच किनाऱ्यावर काही मीटरांत पडतात. टूसॉनजवळील सान्ता कातालिना पर्वतावर उंचीनुसार व उताराच्या दिशेनुसार वनस्पती कशा बदलतात हे श्रीव्ह यांनी १९१५ मध्ये दाखविले होते. हाच धडा ओहोटीच्या पट्ट्यात एका सकाळी गिरविता येतो. एका प्रदेशात पाहिलेले तत्त्व दुसऱ्यात ओळखता आले, तर विद्यार्थी यादी शिकला नसून विज्ञान शिकला, असे म्हणता येते.

५

भारतात अशी जोडी कच्छ-काठेवाडात आहे. उत्तरेस रण, दक्षिणेस कच्छच्या आखातातील पिरोटन, नरारा इत्यादी ठिकाणच्या प्रवाळभित्ती. गढूळ पाणी, अधिक क्षारता आणि मोठी भरती-ओहोटी यांना तोंड देऊन जगणारे हे प्रवाळ उष्ण कटिबंधाच्या उत्तर सीमेवर आहेत. या प्रदेशाच्या अभ्यासाशी मराठी भाषकांचा संबंध जुना आहे. ओखामंडळ हा बडोदे संस्थानचा मुलूख होता आणि सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल यांनी तेथील सागरी प्राण्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा वृत्तान्त बडोदे सरकारसाठी १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०८-०९ मध्ये कच्छच्या वनस्पतींवर लिहिले, आणि हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या मरुभूमीतील वनस्पतींचे वर्णन १९१८ ते १९२१ या काळात मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत फ. रु. भरूचा यांनी माँपेल्ये येथे ब्राउन-ब्लाँके यांच्याकडे घेतलेल्या शिक्षणाच्या आधारे वनस्पतिसमूहांच्या मोजणीची शिस्त आणली. म्हणजे स्थळ, परंपरा आणि पद्धती ही तिन्ही साधने उपलब्ध होती.

तरीही कच्छच्या आखातावर जाणाऱ्या महाविद्यालयीन सहली दीर्घकाळ प्रामुख्याने संग्रहाच्याच राहिल्या. त्याची किंमत दोन प्रकारे द्यावी लागली. एक तर भित्तीवरील प्राणी उगीच कमी झाले. दुसरे व अधिक गंभीर असे की, आधीचा आकडा राहिला नाही. रणाच्या कडेने खारट जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६१ पासून बन्नीच्या गवताळ प्रदेशात गांडो बावळ लावण्यात आला आणि तो पुढे मूळच्या गवतावर पसरला. पिरोटनच्या आसपासची प्रवाळमय वाळू सिमेंटसाठी उपसली गेली. या दोन्ही घटनांचा परिणाम ठरविताना, तुमामोकच्या चौरसांसारखी किंवा औआच्या रेषेसारखी विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे मोजलेली एखादी जागा हाताशी असती, तर तिचे मोल फार झाले असते.

१९८० मध्ये आखाताचा भाग अभयारण्य म्हणून आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले. प्रवाळाचा तुकडा बाटलीत घालून आणणे तेव्हापासून गुन्हा ठरले. यामुळे सहलीचा उद्देशच नाहीसा झाला अशी खंत व्यक्त होते. पूर्वेतिहास पाहिला असता ती खंत अनाठायी ठरते. कायद्याने बंदी घातली ती सहलीच्या दुय्यम अंगावर. मेयर यांच्या रेषेला आणि स्पॉल्डिंग यांच्या चौरसाला बाटलीची गरज नव्हती. दोरी, खुंट्या, वही आणि पुढच्या वर्षी परत येण्याचा निर्धार एवढेच त्यांचे साहित्य होते.

हे साहित्य कोणत्याही विभागाच्या आवाक्यात आहे. अडचण पैशाची नसून कालमर्यादेची आहे. पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातो, आणि त्याला गुण मिळतात ते त्याच वर्षीच्या वहीवर. दहा वर्षांनी उपयोगी पडणारी मोजणी करण्यात त्याचा प्रत्यक्ष लाभ काहीच नसतो. म्हणून अशी मोजणी विद्यार्थ्याची न राहता विभागाची असावी लागते : खुणा विभागाच्या, नोंदवही विभागाची, आणि प्रत्येक नव्या तुकडीचे पहिले काम मागील तुकडीने मोजलेली रेषा अनुमतीने व जपून पुन्हा मोजणे. मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आहेत, आणि तेथील काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. महाराष्ट्रातील विभागांना त्यासाठी कच्छपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही.

स्पॉल्डिंग यांनी १९०६ मध्ये चौरस आखले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. त्या चौरसांतून काय निष्पन्न होईल हे पाहण्यास आपण असणार नाही, याची त्यांना जाणीव असलीच पाहिजे. परिस्थितिविज्ञानातील अभ्याससहलीचे खरे मूल्यमापन सहलीच्या वर्षी होत नाही, एवढे या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.